तिन्ही सारखेच

साळुंके सरांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक छोटी बॅटरी असायची. नोटा खऱ्या की खोट्या हे बघायला दुकानदार ठेवतात ना, जांभळ्या उजेडाची, तसली. सर तो उजेड कशावरही टाकत. हॉटेलातल्या चहावर, हळदीच्या पुडीवर, लग्नाच्या पत्रिकेवर, पहिल्या बाकावरच्या पोरांच्या सदऱ्यांवर. धुण्याच्या पावडरीतलं काहीतरी त्या उजेडात निळंपांढरं चमकतं. त्यामुळं कुणाचा सदरा कालच धुतलाय आणि कुणाचा चार दिवसांचा आहे हे सर वर्गात शिरल्या शिरल्या सांगायचे. पोरं ओशाळून हसायची. मग सर खडू उचलायचे.

आमचं कॉलेज बीड जिल्ह्यात, केज तालुक्यातलं. माझं गाव नांदूरघाट. बी.एस्सी.ला सर मला रसायनशास्त्र शिकवायला होते. विद्यापीठातून एम.एस्सी. करून मी तासिका तत्त्वावर शिकवायला परत त्याच कॉलेजात आले आणि सरांच्याच हाताखाली पीएच.डी.ला नाव घातलं. त्यामुळं ते माझे सरही होते, सहकारीही आणि मार्गदर्शकही. एकाच माणसावर एवढं सगळं ठेवू नये, हे मला पुढं कळलं.

सर ठेंगणे, सावळे, पुढचे दोन दात जरा फाकलेले. वर्गात पुस्तकी बोलायचे आणि प्रयोगशाळेत पाऊल टाकलं की गावाकडचं. काचसामान धुवायचं काम ते शिपायाला देत नसत. "धुनं नीट झालं तर निम्मा प्रयोग झाला," म्हणायचे आणि बाह्या वर करून चंबू घासत बसायचे. त्यांना चीड एकाच गोष्टीची होती, एकक न लिहिण्याची. एखाद्यानं उत्तर "पाच" असं सांगितलं की सर खडू खाली ठेवायचे. "पाच काय बे? पाच म्हशी का पाच मिलिलिटर?"

कॉलेजच्या बंद पडलेल्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात त्यांनी प्रयोगशाळा थाटली होती. ओटा होता तसाच ठेवला, चुलीच्या जागी भट्टी आली. तेलगावच्या बाजूनं उसाची चिपाडं यायची. ती वाळवून, दळून, पाण्यात कालवून सर एका जाड स्टीलच्या भांड्यात घट्ट बंद करायचे आणि भट्टीत ठेवून द्यायचे. दुसऱ्या दिवशी भांडं उघडलं की आत काळपट तपकिरी पाणी. गाळून गाळून ते चहाच्या रंगाचं व्हायचं. पहिल्यांदा ते तयार झालं तेव्हा सरांनी मला खिडकीवर पोतं टाकायला लावलं आणि बॅटरी लावली. बाटलीतलं पाणी निळं उजळलं. इतकं निळं, की सरांचे दातसुद्धा निळे दिसत होते.

"कार्बन हाय ह्यो," सर हळूच म्हणाले. "शाईच्या ठिपक्यात कोट्यानं मावतील एवढाले कण. आपल्या चिपाडातनं निघालेत."

त्या कणांचा उपयोग काय, हे ते खेड्यातल्या पोरांनाही समजेल असं सांगायचे. असा कण शरीरात सोडला तर तो पाटी नसलेल्या एसटीसारखा कुठंही जाईल. पण त्याला पाटी लावली तर? अमायनो आम्लांची एक छोटी साखळी असते, तिला पेप्टाइड म्हणतात. कर्करोगाच्या काही पेशींच्या अंगावर अशी कुलपं असतात, की ठरावीक साखळीच त्यांत बसते. ती साखळी कणाला जोडायची. मग कण वाट चुकणार नाही, गाठीपाशीच उतरेल. आधी तिथं चमकून गाठ दाखवेल, आणि पुढं कधीतरी पाठीवर औषध घेऊन जाईल. "पुढं कधीतरी" हे शब्द सर तेव्हा आवर्जून म्हणायचे.

एकदा भर दुपारी कोठीच्या खोलीत विंचू निघाला. मुली किंचाळत बाहेर पळाल्या. शिपाई चप्पल घेऊन आला. सरांनी त्याला हातानं थांबवलं, दार लोटून अंधार केला आणि बॅटरी विंचवावर धरली. फरशीवर हिरवट निळा विंचू नांगी उचलून उभा. आम्ही दारातून बघत होतो.

"बगा. ह्यात आपला कार्बन हाय का? न्हाई. तरी चमकतो. चमकलं म्हंजी आपलंच हाय, असं कदी समजायचं न्हाई. आधी शंका घ्यायची, मंग आनंद करायचा." मग तो विंचू त्यांनी पुठ्ठ्यावर घेतला आणि कुंपणापलीकडं सोडून आले.

शंका घ्यायला मला त्यांनीच शिकवलं, हे मी इथं मुद्दाम लिहून ठेवते.

दुसऱ्या वर्षी आमचं सेंट्रिफ्यूज जळालं. नळ्या गरागरा फिरवून गाळ खाली बसवणारं यंत्र ते. त्याच्याशिवाय पुढचं काहीच होत नाही. कंपनीचा माणूस पुण्याहून कधी येईल ते सांगता येत नव्हतं. सर यंत्र स्कूटरवर बांधून स्टँडामागं मुश्ताकभाईंच्या दुकानात घेऊन गेले. मुश्ताकभाई मोटारींचं वायंडिंग करायचे. विहिरीवरच्या मोटारी, पिठाच्या गिरणीच्या, कूलरच्या. उंच, काटक माणूस, तोंडात कायम सुपारी आणि तोंड कायम चालू. मिलादच्या दिवशी नात, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीचं गाणं, म्हणायला त्यांनाच पुढं बसवत, असा गोड गळा. त्यांनी यंत्र उघडून पाहिलं आणि म्हणाले, "सर, ही तर आपल्या कूलरच्या मोटारीची सख्खी बहीण हाय. परवा या."

यंत्र परवा सुरू झालं आणि पुन्हा बंद पडलं नाही. त्यानंतर मुश्ताकभाई आठवड्यातून एकदा तरी प्रयोगशाळेत डोकवायचेच. यंत्राला कान लावायचे, बाटल्यांतला निळा उजेड बघायचे, सरांशी तासभर गप्पा मारायचे. आमचा पहिला शोधनिबंध छापून आला तेव्हा सरांनी शेवटच्या आभारात मुश्ताकभाईंचं नाव घातलं होतं. इंग्रजीत, पूर्ण नाव. तो कागद त्यांनी लॅमिनेशन करून दुकानात लावला. गिऱ्हाईक आलं की म्हणायचे, "अमेरिकेत वाचतेत लोक हे."

सर असे होते. हे खोटं नव्हतं. म्हणूनच पुढचं सांगायला जड जातं.

पेप्टाइड जोडायचं काम सुरू झालं तसे सर बदलत गेले, की एका परिषदेनंतर बदलले, हे मला आजही ठरवता येत नाही. हैदराबादला आम्ही दोघं गेलो होतो. सरांनी आपलं काम मांडलं. प्रश्नांच्या वेळी मागच्या रांगेतल्या एका मोठ्या प्राध्यापकानं विचारलं, "बीडमध्ये? तिथं सेंट्रिफ्यूज चालतं का?" सभागृह हसलं. सरही हसले. परतीच्या गाडीत मात्र ते डोळे मिटून बसले. मांजरसुंब्याला चहाला उतरलो तेव्हा कप हातात धरून म्हणाले, "चालतं म्हनावं. लई चांगलं चालतं." चहा तसाच निवला.

पेशींवरची तपासणी आमच्याकडं होण्यासारखी नव्हती. ती पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत व्हायची. आम्ही तीन बाटल्या पाठवल्या. एकीत योग्य पेप्टाइड लावलेले कण. दुसरीत तीच अमायनो आम्लं, पण साखळीचा क्रम उलटासुलटा केलेला, म्हणजे चुकीची पाटी. तिसरीत नुसतेच कण, पाटीच नाही. जिभेच्या कर्करोगाच्या पेशींत पहिली बाटली चमकली आणि बाकीच्या दोन नाही चमकल्या, तरच आपलं म्हणणं खरं. निकाल थेट सरांकडं आले. महिन्याभरानं सर म्हणाले, "चांगले आलेत." त्यांनी मला पडद्यावर तीन चित्रं दाखवली. पहिल्यात पेशी निळ्या उजळलेल्या, बाकी दोन जवळपास काळी. मी आनंदानं आईला फोन केला. शंका घेतली नाही.

दुसरा निबंध गेला, छापून आला. मग एका दैनिकाच्या बातमीदारानं सरांचा फोटो काढला, हातात निळी बाटली. मथळा आला की चिपाडातून कॅन्सरवर औषध सापडलं. मी म्हटलं, "सर, औषध असं कुठं म्हणालो आपण?" सर म्हणाले, "त्यास्नी कुठं कळतंय एवढं. राहू दे." कॉलेजनं शाल दिली. "पुढं कधीतरी" हे शब्द सरांच्या बोलण्यातून कधी गळाले, माझ्या लक्षात आलं नाही.

त्याच सुमारास मुश्ताकभाईंच्या जिभेच्या कडेला छाला झाला. महिना झाला तरी भरेना. अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात तुकडा काढून तपासला आणि कर्करोग निघाला. तिथून ते घरी न जाता थेट आमच्याकडं आले. मी ओट्यावर चहा गाळत होते.

"डॉक्टर म्हणतेत, निम्मी जीभ काढावी लागंल," मुश्ताकभाई स्टुलावर बसत म्हणाले. "मानेतल्या गाठीबी काढणार. मंग मशीनवर शेक देणार. सर, जीभ गेल्यावर मी काय करू? मला दुसरं काय येतंय?"

सरांनी हातातली नळी ओट्यावर ठेवली.

"तुमचं पेपरात आलंय. सीधी गाठीवर जाती म्हणे ती दवा. जिभेच्याच गाठीवर. मी तर म्हणलं, अल्लानं माझ्याचसाठी तुमच्या हातून करून घेतलं."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग मुश्ताकभाईंच्या खांद्यावर हात ठेवला. "थोडं थांब बे. घाई करू नको. आपलं काम लई पुढं आलंय."

"किती थांबू?"

"दिवाळीपस्तोर बगू."

मुश्ताकभाई माझ्याकडं वळले. "ताई, खरंय ना?"

चहाचा कप पुढं करता करता मी मान डोलावली. दिवाळी तीन महिन्यांवर होती. औषध येण्याइतकं काम पुढं गेलेलं नाही हे मला माहीत होतं. पण सर म्हणतायत म्हणजे ते दवाखान्यात कुणाशी बोलले असतील, काही तात्पुरती सोय करत असतील, असं मी स्वतःला समजावलं. सरांना विचारलं नाही.

दोन अडीच महिने गेले. माझ्या प्रबंधाला मूळ चित्रं हवी होती. सर विद्यापीठात बैठकीला गेलेले. फोनवर म्हणाले, "कपाटात फाइल हाय, घे." मी घेतली. चुकून दुसरी फाइल हाती आली. तीत पुण्याहून आलेली मूळ चित्रं होती, छापून घेतलेली. तीन चित्रं. तिन्ही निळी उजळलेली. योग्य पाटी, चुकीची पाटी, पाटीच नाही, सगळे कण सारखेच पेशींत शिरले होते. खाली निरोगी पेशींचं चौथं चित्र होतं. तेही उजळलेलं.

मला आधी वाटलं, ही दुसऱ्या कुठल्या खेपेची असतील. मग दुसऱ्या चित्राच्या कोपऱ्यात धुळीचा एक बारीक धागा दिसला. छापलेल्या निबंधातल्या काळ्या चित्रात, त्याच कोपऱ्यात, तोच धागा होता. ते चित्र अंधारं होतं कारण कुणीतरी ते अंधारं केलं होतं. कागदाच्या समासात सरांच्या हिरव्या पेनानं लिहिलेलं होतं, तारखेसकट: "तिन्ही सारखेच. पुन्हा करणे." तारीख मुश्ताकभाई स्टुलावर येऊन बसले त्याच्या सात महिने आधीची.

प्रयोग फसला याचं मला काही वाटलं नव्हतं. दहातले नऊ फसतात, हेही सरांनीच सांगितलेलं. पायाखालची वाळू सरकली ती त्या तारखेनं.

दुसऱ्या दिवशी सर चंबू घासत होते. मी कागद त्यांच्यासमोर धरला.

"सर, हे कधी आलं?"

त्यांनी कागदाकडं पाहिलं. नळ बंद केला. "आलतं."

"मग छापलेली चित्रं?"

"ती तात्पुरती हुती. पुढच्या खेपेला जमनारच हुतं. साखळी बदलून बगायची हुती." ते हात पुसत राहिले. कोरडे झाले तरी पुसत राहिले. "तुला वाटत असंल, मी नावासाठी केलं. तसं न्हाई. हैदराबादला हसले ते, तू हुतीस ना."

"आणि मुश्ताकभाई? त्यांना का सांगितलंत थांबा म्हणून?"

"त्याचं तोंड बगितलं न्हाईस का तू त्या दिवशी? न्हाई म्हनलो असतो तर हितंच ढासळला असता."

"सर, त्या कणावर अजून औषधच चढवलेलं नाही. नुसता उजेड आहे तो."

"म्हाईत हाय मला," सर म्हणाले. "मीच शिकवलंय तुला."

मी रडत नव्हते, पण त्यांना वाटलं रडतेय. "कावून रडायलीस?" त्यांनी विचारलं, अगदी पूर्वीच्या आवाजात. तो आवाज ऐकून मला खरंच रडू आलं. मी म्हटलं, "तुम्ही त्यांना आज सांगा. नाहीतर मी सांगते." सरांनी पुन्हा नळ सोडला आणि चंबू घासायला घेतला. संध्याकाळपर्यंत मी वाट पाहिली. ते गेले नाहीत.

मुश्ताकभाई दुकानात होते. तांब्याची तार साच्यावर गुंडाळत होते, ओठांनी वेढे मोजत. सुपारी सुटली होती. डावा गाल सुजलेला, बोलणं जड झालेलं. मला बघून मोजता मोजताच त्यांनी स्टूल पुढं सरकवलं. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तार फिरायची थांबली.

"सरला ठाऊक होतं?"

"हो."

"मी आलतो तवा बी?"

"हो."

"तुला बी?"

"नाही. पण मी विचारलंही नाही, आणि मान डोलावली."

त्यांनी साच्याकडं पाहिलं. "किती वेढे झालते, इसरलो," ते म्हणाले. मग गुंडाळलेली सगळी तार उलगडायला लागले. पहिल्यापासून. "जा ताई," माझ्याकडं न बघता म्हणाले. "भाभीला सांगून जा. मला तिला सांगायला जमणार न्हाई."

चार दिवसांनी ते दवाखान्यात दाखल झाले. आता निम्म्या जिभेवर भागणार नव्हतं. जवळजवळ सगळी जीभ गेली, मानेच्या दोन्ही बाजू गेल्या, मग शेक. जीव वाचला. आधी आला असता तर, एवढंच डॉक्टर भाभींना म्हणाले.

निबंध मागं घेण्याचं पत्र मी लिहिलं आणि सरांच्या टेबलावर ठेवलं. मला वाटलं होतं, चिडतील, फाडतील, निदान समजूत घालतील. सरांनी ते शांतपणे वाचलं. एके ठिकाणी मी नुसता आकडा लिहिला होता. तिथं त्यांनी हिरव्या पेनानं एकक घातलं आणि खाली सही केली. त्या सहीनंतर आमच्यात काही बोलणं उरलं नाही. कॉलेजनं मला बोलावून सांगितलं की बाहेर फार चर्चा नको. ज्या दैनिकात शाल आणि निळी बाटली छापून आली होती, तिथं या पत्राबद्दल एक ओळ आली नाही. सरांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. निरोपसमारंभात भाषणं झाली, हार झाले. मी वर्गात तास घेत होते. टाळ्या तिथवर ऐकू येत होत्या.

माझा प्रबंध वाया गेला. नवीन मार्गदर्शक, नवीन विषय, पुन्हा पहिल्यापासून. लोक म्हणतात, सुटलीस तू. मला तसं वाटत नाही. आजही पोरीनं नुसता आकडा सांगितला की माझ्या तोंडून सरांचाच प्रश्न बाहेर पडतो, आणि वर्ग हसतो, आणि मला स्वतःचाच राग येतो. ज्या माणसानं मला फसवलं, त्याच्याच आवाजात मी शिकवते. दुसरा आवाज मला येत नाही.

मधे एकदा मुश्ताकभाईंच्या पत्नी शमीमभाभी कपिलधारला भेटल्या. मुश्ताकभाई पुन्हा दुकानात बसतात, म्हणाल्या. पातळ खातात, पाटीवर लिहून दाखवतात. मग थांबून म्हणाल्या, "तुमचे सर येतात. बोलावत न्हाई कुणी, तरी येतात. तपासणीच्या दिवशी पहिल्या गाडीनं अंबाजोगाईला जाऊन नंबर लावून ठेवतात. यांनी आजपर्यंत त्यांच्यासाठी पाटीवर एक अक्षर लिहिलेलं न्हाई."

मला ते खरं वाटलं नव्हतं. गेल्या महिन्यात आईचे डोळे दाखवायला मी त्याच दवाखान्यात गेले. बाह्यरुग्ण विभागासमोरच्या व्हरांड्यात मोठी रांग होती. दाराशी सर उभे होते. केस सगळे पांढरे, शर्ट ढगळ झालेला. हातात मुश्ताकभाईंची फाइल, छातीशी धरलेली. मुश्ताकभाई व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला बाकावर बसलेले, गळ्याभोवती रुमाल, तोंड बाहेरच्या झाडाकडं. दोघांच्या मधे तीसेक माणसं.

सरांनी मला पाहिलं की नाही, सांगता येत नाही. मी पुढं झाले नाही.

आतून नावाचा पुकारा झाला. मुश्ताकभाई उठले आणि माणसांमधून वाट काढत आले. सरांनी दोन्ही हातांनी फाइल पुढं केली. काहीतरी बोललेही, ओठ हलताना मला दिसले. मुश्ताकभाईंनी फाइल घेतली, सरांच्या तोंडाकडं न बघता, आणि आत गेले. दार लागलं.

सर तिथंच उभे होते. रांगेतली एक बाई त्यांना म्हणाली, "बाबा, सरका की, तुमचा नंबर झाला ना?"

सर म्हणाले, "माझा न्हाई, त्याचा," आणि भिंतीला लागून उभे राहिले.